ताटलीतली रिजेक्टची बाजू

दुपारचं जेवण झालं की विलासराव इंगवले आरामखुर्चीत पाठ टेकतात आणि "झोपत नाही, नुसता डोळा मिटतोय" असं रिकाम्या घराला बजावतात. ऐकायला कोणी नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. हेमलताबाई होत्या तेव्हा आतून "बरं बरं" असा आवाज यायचा, आणि जरा वेळानं ह्यांचं घोरणं सुरू झालं की त्या एकट्याच हसायच्या. त्यांना जाऊन वर्ष झालं. बजावणं तेवढं राहिलंय.

आज मात्र खरोखरच झोपायचा विचार नाही, कारण शेजारच्या स्टुलावर काम वाट बघतंय. कोपऱ्यावरच्या 'पद्मराग' हॉटेलच्या प्रभूशेटनं मघाशी दोन पार्सलं हातात ठेवली. एकात नेहमीचे फिंगर चिप्स, त्याच्याच भटारखान्यात सोलून, कापून, तळलेले. दुसऱ्यात नवे. हे कुठल्याशा कारखान्यातून गोठवून, पिशवीत भरून येतात आणि मेनूकार्डावर त्यांना 'फ्रेंच फ्राइज' म्हणायचं ठरलंय.

"बटाटे सोलायला माणसं मिळंनात, साहेब," प्रभूशेट म्हणाला. "तुम्ही पास केलं की नवे चालू करतो. पण तुमच्या निकालाशिवाय बदलायचं नाही, हे माझं ठरलंय."

आता कुणी म्हणेल, बटाट्याच्या तळलेल्या काड्या त्या, त्यांचा कसला आलाय निकाल? पण विलासरावांची सगळी नोकरी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या तपासणी खात्यात गेली. लोखंडाचा ओतीव भाग समोर आला की त्याला हातोडीनं टिचकी द्यायची आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठंतरी चीर आहे, रिजेक्ट. असा कान काही पाळी संपली म्हणून कंपनीच्या गेटवर काढून ठेवता येत नाही. तो घरी यायचा, बाजारात कलिंगडावर चालायचा, आणि शनिवारी संध्याकाळी 'पद्मराग'मध्ये फिंगर चिप्सवर.

शनिवारची त्यांची रीत ठरलेली. बेसिनशेजारचं टेबल, दोघांत एक प्लेट. विलासराव एकेक काडी उचलायचे. एका टोकाला धरून आडवी ठेवायची, तिनं मान टाकता कामा नये. मग प्लेटच्या कडेवर हळूच आपटायची, टक असा आवाज आला पाहिजे. मोडली तर आतून वाफ निघावी आणि बटाटा उकडल्यासारखा पिठूळ असावा. एवढं करून पास झालेली काडी प्लेटच्या ह्या बाजूला, म्हणजे विलासरावांच्या. मान टाकलेली मऊ काडी त्या बाजूला. त्या बाजूला हेमलताबाई बसलेल्या असायच्या.

एवढ्यावर थांबतील तर ते इंगवले कसले! प्रभूशेटला टेबलाशी बोलावून शीतगृहातला बटाटा गोडसर का होतो, तेलात पडताच का काळवंडतो, चिप्स गरम असतानाच मीठ का भुरभुरायचं, यावर व्याख्यान व्हायचं. शेजारच्या टेबलावरची मंडळी आपली प्लेट सोडून ह्यांच्या प्लेटकडं बघत बसायची. तोवर हेमलताबाई पर्समधून फिरकीच्या झाकणाची स्टीलची डबी काढायच्या. त्यात सोलापूरची, त्यांच्या माहेरची, शेंगदाण्याची चटणी. हॉटेलातला सॉस त्यांना गोड लागायचा. डबी उघडायची, आपल्या बाजूचं खायचं, हात धुऊन यायचं आणि म्हणायचं, "झालं का तुमचं? चला की ओ."

आपली ही रीत फार सुरेख आहे असं विलासरावांना कायम वाटत आलं. मागच्या आठवड्यात वर्षश्राद्धाला मेव्हणी शकुंतला आली आणि पंगतीत पापड वाढता वाढता सहज बोलून गेली, "अक्काला कडक, कुरकुरीत लई आवडायचं बघा. पापडाची कड कुणाला देत नव्हती." बाई बोलून पुढच्या पानाकडं गेली. विलासरावांचा घास मात्र तिथंच राहिला.

कडक, कुरकुरीत आवडायचं. मग आपण काय केलं? सगळा संसारभर, दर शनिवारी, स्वतःच्या हातानं निवडून निवडून, रिजेक्ट माल तिच्याकडं ढकलला. आणि ती खात राहिली. एका शब्दानं बोलली नाही. त्या दिवसापासून विलासरावांना दुसरं काही सुचत नाही. हे विचारायचं कुणाला? मुलगा बंगळुरात, त्याला फोनवर "तुझ्या आईला मऊ चिप्स आवडायचे का रे" असं विचारलं तर तो पहिल्या गाडीनं येईल आणि डॉक्टरकडं नेईल. ज्या माणसाला विचारायला हवं ते माणूस गेलंय. म्हणजे आता हे कधीच कळायचं नाही, हे त्यांना सोसत नाही.

तर स्टुलावर मोठी ताटली आहे. उजवीकडं नवे फ्राइज ओतलेत. त्यातले दोन-चार त्यांनी तपासले; सगळे ताठ, एकसारखे, जणू एकाच साच्यातून निघालेले. एकानंही मान टाकली नाही. डावीकडं जुने. त्यांची निवड सुरू केली. एक पास. दुसरी पास. तिसरी काडी बोटांत लोंबली, हात सवयीनं पलीकडं गेला, आणि पलीकडं कोणी नाही हे बघून हवेतच थांबला. काडी त्यांनी ताटलीच्या कडेला ठेवून दिली, हात पुसले आणि डोळे मिटले.

पंखा पाचावर आहे. त्याची घरघर लांब जाते, परत येते, पुन्हा लांब जाते. जाताना ती पंख्याची असते. परत येते तेव्हा कढईत बटाटे सोडल्यावर होतो तसा आवाज झालेला असतो.

"उशीर केलात की ओ," हेमलताबाई म्हणतात.

बेसिनशेजारचंच टेबल आहे. 'पद्मराग'च आहे, फक्त छत 'पद्मराग'चं नाही. वर घरचा पंखा फिरतोय. भिंतीवर मेनूचा फळा आहे आणि त्यावर काहीच लिहिलेलं नाही. हेमलताबाई समोर बसल्यात. अंगावर मोहरीच्या रंगाचं इरकली लुगडं, मांडीवर पर्स. दातांत आकडा धरून त्या अंबाडा नीट करतायत.

ही गेलेली आहे, हे विलासरावांना ठाऊक आहे. आपल्याला आश्चर्य वाटायला पाहिजे हेही ठाऊक आहे. ते आश्चर्याची जरा वाट बघतात, पण ते येत नाही. मग खुर्ची ओढून बसतात.

"कशी आलीस?"

"चालत. रिक्षावाले इकडं यायला नको म्हणतात."

"एवढ्या उन्हात?"

"ऊन कुठलं आलंय." आकडा खोचून त्या नवऱ्याकडं निरखून बघतात. "जेवण कसं चाललंय?"

"डबा लावलाय. भाजीत तेल पोहतं."

"तरीच अंग धरलंय तुम्ही."

विलासरावांना हसू येतं. वर्षभरात त्यांच्या अंगाविषयी कुणी एवढ्या हक्कानं बोललेलं नाही. प्लेट टेबलावर आलेली असते. कोणी आणून ठेवली ते दिसत नाही, वाफ मात्र दिसते. हात आपोआप पुढं जातो. पहिली काडी ताठ राहते, टक वाजते, ह्या बाजूला. दुसरी बोटांत लोंबते.

ती काडी विलासराव खाली ठेवत नाहीत. तशीच धरून बसतात.

"द्या की," हेमलताबाई हात पुढं करतात.

"अगं, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"तुला..." विलासराव म्हणतात आणि पायाखाली वाळू करकरते.

फाउंड्रीची काळी वाळू. पत्र्याचं उंच छप्पर, भट्टीची ऊब. हेमलताबाई शेजारून चालतायत. लुगड्याच्या निऱ्या एका हातानं वर धरल्यात, दुसऱ्या हातावर पर्स. समोरच्या ढकलगाडीवर ओतीव माल रचलाय आणि तो लोखंडाचा नाही, बटाट्याचा आहे. हाताएवढ्या लांब काड्या, मिठानं चमकणाऱ्या. विलासरावांच्या हातात त्यांची जुनी हातोडी आहे, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. ते टिचकी देतात. खण्ण! शेडभर आवाज घुमतो.

"पास," ते म्हणतात.

"किती मोठ्यानं ओरडताय," हेमलताबाई म्हणतात. "मी इथंच आहे."

पुढच्या काडीवर हातोडी बसते आणि आवाजच येत नाही. हातोडी आत रुतते, विलासराव ती ओढून काढतात.

"ही कुठं ठेवायची?" हेमलताबाई ती काडी दोन्ही हातांनी उचलतात, तान्हं मूल उचलावं तशी.

"रिजेक्टच्या बाजूला."

"ती कुठली?"

विलासराव हातोडीनं दाखवायला जातात आणि त्यांचा हात खाली येतो. जमिनीवर खडूची रेघ आहे. रेघेपलीकडं रिजेक्ट मालाचा ढीग असायला हवा. तिथं त्यांचं घर मांडलेलं आहे. हेमलताबाईंचं शिवणयंत्र, त्यांचं कपाट, मसाल्याची डबी ठेवायचा कोनाडा भिंतीसकट, मुलाचा पाळणा, दळणाचा डबा. सगळं नीट लावलेलं, पुसलेलं. दळणाच्या डब्यावर झाकण म्हणून त्यांची नेहमीची परात.

"माझं सगळं सामान तिकडंच आहे," हेमलताबाई म्हणतात. तक्रार म्हणून नाही. दळण आणायचं राहिलंय हे सांगावं तशा सांगतात. तशा सांगतात म्हणूनच ते विलासरावांच्या काळजाला लागतं.

"तिकडं जाऊ नकोस."

"अहो, पर्स तिकडं राहिली माझी."

पर्स तर हातावरच होती. आता नाही. त्या निऱ्या सावरून रेघ ओलांडतात आणि विलासराव मागोमाग जातात. आयुष्यभर ती रेघ त्यांनीच आखली, पण तिच्या पलीकडं पाय कधी ठेवला नव्हता. पलीकडं वाळू नाही. शहाबादी फरशी आहे, गार, आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास.

ही सोलापूरची सासुरवाडी. मागचं अंगण, उखळ, तुळशीजवळ वाळत घातलेल्या लाल मिरच्या. हेमलताबाई पाटावर बसून मुसळानं चटणी कुटतायत. तरुण झालेल्या नाहीत. केस पांढरेच आहेत, चष्मा नाकावर घसरलाय. मुसळ वर जातं, खाली येतं. शेंगदाण्यात लसूण, तिखट, मीठ पडलंय आणि चटणीला तेल सुटायला लागलंय. मुसळाचा तो आवाज ऐकत विलासराव ओट्यावर टेकतात. वरून कुठूनतरी पंख्याची घरघर येते. आपण जागे व्हायला आलोय हे त्यांच्या ध्यानात येतं, आणि ते घाबरतात.

"अगं, तुला कुरकुरीत आवडायचं ना?" एका दमात विचारून टाकतात.

"आवडायचं की," हेमलताबाई म्हणतात. मुसळ थांबत नाही.

म्हणजे खरंच होतं. शकुंतला बोलली ते खरं होतं.

"मग बोलली का नाहीस?" त्यांचा आवाज चढतो, मग चिरकतो. "दर शनिवारी मी तुला रिजेक्ट माल घालत आलो. चांगलं ते निवडून माझ्याकडं, वाईट ते तुझ्याकडं. आणि तू मुकाट खात बसलीस. एकदा तरी प्लेट माझ्या अंगावर भिरकवायचीस. मला काय दिसत होतं? मी आपला मोठा इन्स्पेक्टर!"

मुसळ थांबतं. हेमलताबाई चष्मा वर सारतात, नवऱ्याकडं बघतात, आणि हसायला लागतात. तोंडाला पदर लावतात तरी हसू आवरत नाही. खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी येतं.

"त्यापायी झोप उडवून घेतलीत होय?"

"हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"पापड, ओ. पापड कुरकुरीत आवडायचा मला. भाकरीची कडसुद्धा. शकीनं पापडाचं सांगितलं आणि तुम्ही ते चिप्सला लावून बसलात."

"मग चिप्स?"

"बघा की मग. आजवर बघितलं नाहीत, आता तरी बघा."

त्या उखळात हात घालतात आणि उखळाच्या जागी ती स्टीलची डबी असते. डबीखाली टेबल, टेबलाच्या पलीकडं बेसिन. 'पद्मराग'च्या प्लेटमधली वाफ अजून निवलेली नाही. हेमलताबाई विलासरावांच्या बाजूची एक काडी उचलतात, चांगली ताठ, पास झालेली. डबीत बुडवतात आणि वर काढतात. चटणी भुरभुर करून खाली पडते. काडी जशी गेली तशी परत येते, कोरडी.

मग आपल्या बाजूची उचलतात. मऊ, मान टाकलेली. डबीत जरा दाबतात, कूस बदलतात, पुन्हा दाबतात. काडी वर येते ती चारी बाजूंनी लाल होऊन.

"बघा," हेमलताबाई ती उलटी धरून झटकतात. एक कण पडत नाही. "कडक असली की चटणी धरत नाही. मऊ असली की धरते. मला खायची असायची ती चटणी. बटाटा आपला निमित्ताला."

विलासराव बघत राहतात. त्या काडीकडं, मग तिला धरलेल्या बोटांकडं, मग त्या बोटांवरच्या सुईच्या जुन्या खुणांकडं.

"एवढं समोर बसून मला दिसलं कसं नाही?"

"तुम्ही काड्यांकडं बघत होता."

"सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं म्हणजे!" हेमलताबाई डोळे मोठे करतात. "मग मऊ काड्यासुद्धा तपासायला घेतल्या असत्या तुम्ही. ही बेताची मऊ, ही जास्त मऊ, ही पास, ही नापास. प्रभूशेटला बोलावून त्यावर भाषण. मला सुखानं दोन घास खाऊ दिले असते का?"

अगदी तसंच झालं असतं, हे विलासरावांना पटतं. ते हसतात. हसता हसता डोळे भरून येतात आणि ते पुसायचंही त्यांच्या मनात येत नाही. आठवडाभर छातीवर ठेवलेली लोखंडाची रास कुणीतरी उचलून नेल्यासारखं त्यांना वाटतं. रिजेक्ट नव्हतंच ते. तिच्या बाजूला तिच्या आवडीचंच जात होतं, आणि ते मीच पाठवत होतो. नकळत का होईना, मीच.

"म्हणजे माझ्यापायी तुला काही सोसावं लागलं नाही," ते जरा खुशीत येऊन म्हणतात.

"असं कुठं म्हटलं मी?" हेमलताबाई काडी तोंडात टाकून सावकाश चावतात. "पंखा सोसला की."

"पंखा?"

"पाचावर. ऐन थंडीत. डोक्यावरून गोधडी घेऊन झोपायची मी, आणि तुम्ही सकाळी विचारणार, उकडत होतं का गं?"

"अगं, मग बोलायचंस!"

"बोलले होते. तुम्ही रेग्युलेटर तपासलात आणि म्हणालात, चांगला चालतोय."

हे मात्र विलासरावांना स्वच्छ आठवतं. ते मान खाली घालतात.

"असू दे," हेमलताबाई म्हणतात. "तुमच्याबरोबर राहायचं म्हटल्यावर एवढं तेवढं चालायचंच. तुम्ही तरी माझी कटकट ऐकून घेतलीतच की. पण चिप्स त्यात घालू नका. शनिवार माझा चांगला जायचा. मला ओढ असायची शनिवारची."

"मलाही," विलासराव म्हणतात. एवढं साधं वाक्य त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते आता सांगताना त्यांना लाजल्यासारखं होतं.

प्लेट रिकामी होत आलीय. तिच्या बाजूला एकच काडी उरलीय.

"एक चाखून बघू?" विलासराव विचारतात.

"तुम्ही? आणि मऊ?"

"बघतो की."

हेमलताबाई जरा विचार करतात. काडी डबीत घोळवतात, दातांनी अर्धी तोडतात आणि उरलेली अर्धी प्लेटच्या कडेला ठेवतात. "ही तुमची. घाई नाही. मऊ काडीला गार झाल्याचं काही वाटत नाही." मग डबीचं झाकण फिरवतात, पर्समध्ये टाकतात, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून उठतात. चटणीचे हात लुगड्याला लागू नयेत म्हणून नेहमी धरायच्या तसे. "हात धुऊन येते."

"ये. मी बसलोय."

त्या बेसिनकडं वळतात. नळ सुटल्याचा आवाज येतो. विलासराव पाठमोऱ्या अंबाड्याकडं बघत थांबतात. ह्या वेळी ते दुसरीकडं कुठंही बघत नाहीत. पाणी वाहतंय, वाहतंय, मग त्या आवाजात घरघर मिसळते, आणि घरघर तेवढी उरते.

पंखा पाचावर फिरतोय. खिडकीतली उन्हं कलून आरामखुर्चीच्या हातावर आलीत. विलासराव जागे आहेत आणि हलत नाहीत. हललो की ती जाईल असं त्यांना वाटतं. ती गेलेलीच आहे हे ध्यानात यायला थोडा वेळ लागतो. आश्चर्य म्हणजे नेहमीसारखं कोसळल्यासारखं होत नाही. हात धुऊन यायला गेलंय माणूस, एवढंच वाटतं.

फोन वाजतो. प्रभूशेट.

"साहेब, बघितलं का? काय निकाल?"

"थांब जरा," म्हणून विलासराव स्टुलाकडं वळतात. उजवीकडचे नवे फ्राइज होते तसेच आहेत, ताठ, एकसारखे. डावीकडं जुने. आणि ताटलीच्या कडेला, मघाशी त्यांनी ती मान टाकलेली काडी ठेवली होती तिथं, अर्धीच काडी आहे. एका टोकाला दातांची खूण. बाकी चारी बाजूंनी लाल.

विलासराव आधी स्वतःची बोटं बघतात. स्वच्छ, कुठं कुठं मिठाचे कण. घरात चटणी नाही. शेवटची बरणी रिकामी झाली त्याला वर्ष झालं, ती धुऊन पालथी घातलीय. पर्स कपाटात आहे, तिच्या लुगड्यांखाली, आणि त्या कपाटाला कुलूप आहे. उठून बघता येईल. सगळा जन्म तपासणीत गेलेला माणूस, पण ते उठत नाहीत.

काडी उचलून उलटी धरतात आणि झटकतात. एक कण पडत नाही.

"साहेब? ऐकू येतंय का?"

कडेवर थोडी चटणी सांडलीय. विलासराव नव्यातली एक काडी घेऊन तीत घोळवतात. काडी कोरडीच वर येते.

"प्रभूशेट, नवे तुझे सगळे कडक आहेत," ते म्हणतात. "एकही मान टाकत नाही."

"म्हणजे पास! मला वाटलंच होतं."

"नाही. रिजेक्ट."

"का हो, साहेब?"

"चटणी धरत नाहीत."

"चटणी? आपण तर सॉस देतो."

"जुनेच ठेव. सोलायला माणूस मिळत नसेल तर शनिवारी मी येऊन बसतो सोलायला. आणि हे बघ, ही गेल्यावर माझ्या प्लेटमधून मऊ काड्या काढायला भटाऱ्याला मीच सांगितलं होतं. आता काढू नको म्हणावं. मऊ राहू देत."

"पण मऊ खाणार कोण, साहेब? तुम्हाला तर चालत नाहीत."

"मला द्यायच्या," विलासराव म्हणतात आणि फोन ठेवतात.

मग ती अर्धी काडी तोंडात टाकतात. गार आहे, नरम आहे, आणि अशी तिखट की लसूण थेट नाकात चढतो. कानामागं घाम येतो. पाणी न पिता ते सावकाश चावतात, ती चावायची तसं. संपल्यावर रिकाम्या घराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतात, "पास."

आणि उठून भिंतीशी जातात आणि पंखा दोनावर आणतात. रेग्युलेटरच्या पांढऱ्या बटणावर लाल बोट उमटतं. विलासराव ते पुसत नाहीत.